सेमी-ऑटो शॉटगन भरताना: काडतूस ट्यूबमध्ये टिकत नाही, बोल्ट ओढला तरी चेंबर रिकामं

नवी_फैर

१२ बोअरची, गॅसवर चालणारी (बार झाल्यावर त्याच्या गॅसने पुढचं काडतूस आपोआप चढवणारी) सेमी-ऑटो शॉटगन आहे. नळीखाली जादा काडतुसं ठेवायची मॅगझिन ट्यूब, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस जिथे उडतं ती जागा) ७६ मिमी. सध्या प्रशिक्षकासमोर फक्त डमी काडतुसांवर सराव चालू आहे. दोन नळीची बंदूक मोडायची, काडतुसं घालायची, मिटायची, एवढं सरळ असतं. इथे मात्र काडतूस आत गेल्यावर नेमकं कुठे आहे हेच कळत नाही.

अडचणी अशा. खालून काडतूस ट्यूबमध्ये ढकललं आणि अंगठा काढला की तिनातलं एक तरी उसळून मागे येतं आणि लिफ्टरवर, म्हणजे काडतूस चेंबरकडे उचलणाऱ्या पट्टीवर, पडतं. दुसरं, चेंबर रिकामं ठेवून आधी ट्यूब भरली आणि मग बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग, ओढून सोडला, तर बोल्ट रिकाम्या चेंबरवरच मिटला. काडतुसं ट्यूबमध्ये होती तिथेच राहिली. बंदुकीत बिघाड आहे का? तिसरं, लिफ्टर अंगठ्याची कातडी चिमटतो. आणि शेवटचं, उतरवताना बोल्ट पुन्हा पुन्हा ओढून सगळी काडतुसं बाहेर काढायची, की ती ट्यूबमधून थेट काढता येतात?

बारा_बोअर

बिघाड बहुतेक नाही. तुमच्या चारही प्रश्नांचं मूळ तुम्ही स्वतःच लिहिलंय: काडतूस कुठे आहे ते कळत नाही. ट्यूबवाल्या सेमी-ऑटोत काडतूस तीन जागी असू शकतं. चेंबरमध्ये, मॅगझिन ट्यूबमध्ये, आणि या दोहोंच्या मधल्या लिफ्टरवर, म्हणजे बोल्टच्या खाली. ही तिसरी जागा बोल्ट मिटलेला असताना वरून दिसत नाही, म्हणून नवीन माणसाचा हिशेब तिथेच चुकतो. बंदूक हातात असताना कुठल्याही क्षणी "तिन्ही जागी काय आहे?" याचं उत्तर देता आलं पाहिजे.

आता क्रम. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापापासून दूर रिसीव्हरच्या (यंत्र असलेल्या मधल्या धडाच्या) बाजूवर आडवं टेकवलेलं, सेफ्टी लावलेली. बोल्ट मागे ओढून अडकवा. चेंबर डोळ्यांनी पाहा आणि करंगळी घालून चाचपा. अंधुक उजेडात डोळा फसतो, बोट फसत नाही. मग बंदूक उलटी करून खालच्या तोंडातून लिफ्टर पाहा आणि त्याच्या पुढे ट्यूबच्या तोंडाशी फॉलोअर दिसतो का ते पाहा. फॉलोअर म्हणजे स्प्रिंगच्या टोकावरची सरकती टोपी. ती बऱ्याचदा भडक रंगाची असते, ती लगेच दिसावी म्हणूनच. फॉलोअर दिसला तर ट्यूब रिकामी. पितळ दिसलं तर काडतूस आहे.

भरण्याआधी नळीवरचा शिक्का वाचा आणि काडतुसावरचा मजकूर त्याच्याशी ताडून पाहा. बोअर जुळला पाहिजेच, लांबीही जुळली पाहिजे. यावर खाली सविस्तर लिहितो, कारण इथली चूक नळी फोडते.

आता पहिलं काडतूस. बोल्ट मागे अडकलेला असताना बाजूच्या इजेक्शन पोर्टमधून, म्हणजे रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीतून, एक काडतूस आत ठेवा, पितळी बूड मागे, दस्त्याकडे. बोटं पोर्टच्या पूर्ण बाहेर घ्या. मग बोल्ट सोडायचं बटण दाबा. बोल्ट स्वतःच्या स्प्रिंगच्या जोरावर धाडकन पुढे जायला हवा. हँडल हाताने धरून त्याला हळूहळू पुढे सोडू नका. आवाज नको किंवा पार्ट झिजायला नकोत म्हणून लोक असं करतात आणि मग बोल्ट पूर्ण लॉक होत नाही. हँडल शेवटपर्यंत पुढे बसलंय का ते नजरेने पाहा.

त्यानंतर ट्यूब. दस्ता बगलेत धरा, तोंड रेंजच्या दिशेलाच ठेवून बंदूक थोडी कुशीवर फिरवा, म्हणजे खालचं तोंड समोर येईल. इथे फार सांभाळायचं, कारण नजर हातावर असते आणि नळी नकळत बाजूच्या माणसाकडे वळते. काडतुसाची पुढची बाजू लिफ्टरवर टेकवून त्याच्यासकट वर दाबा आणि मग पुढे ढकला.

तुमची उसळी इथे होते. ट्यूबच्या तोंडाशी बाजूला लॅच असतो. काडतुसाच्या बुडाची कड त्या लॅचच्या पुढे गेली तरच लॅच मागून बाहेर येतो आणि काडतूस अडवतो. बूड नुसतं रिसीव्हरच्या आत दिसेनासं झालं म्हणजे बसलं असं नाही. अंगठ्याचं टोक ट्यूबच्या तोंडात थोडं शिरेपर्यंत ढकला. "टक" असा बारीक आवाज येतो आणि अंगठ्याला धक्काही जाणवतो. मग अंगठा झटक्याने न काढता सावकाश मागे घ्या. काडतूस जरासं मागे येऊन लॅचवर टेकतं आणि थांबतं. लॅच लागला नसेल तर ते अंगठ्याला ढकलत राहील. अजून हातात आहे तोवर पुन्हा पुढे रेटा. जितकी काडतुसं आत, तितकी स्प्रिंग आवळलेली, म्हणून उसळी बहुतेक शेवटच्या काडतुसाला येते.

लिफ्टरवर येऊन पडलंच, तर खालून नखाने किंवा पेचकसाने उचकटू नका. तोंड सुरक्षित दिशेला, सेफ्टी लावलेली, आणि हँडल ओढून बोल्ट मागे न्या. बहुतेक बंदुकांत ते काडतूस वर उचललं जातं आणि पोर्टमधून काढता येतं. चेंबरमध्ये काडतूस असेल तर तेही त्याच वेळी बाहेर फेकलं जाईल, हे आधीच ध्यानात ठेवा. बोल्ट हलतच नसेल तर जोर लावायचा नाही, प्रशिक्षकाला हाक मारायची.

अंगठ्याबद्दल: नख वर आणि पेर खाली अशा स्थितीत सरळ अंगठा खुपसला की बाहेर काढताना कातडी लिफ्टर आणि ट्यूबच्या कडेमध्ये सापडते. अंगठा थोडा तिरपा करून ढकला आणि बाहेर घेताना बाजूने सरकवा. अंगठा निघेपर्यंत लिफ्टर दुसऱ्या बोटाने दाबून धरला तर चिमटा बसतच नाही. सैल हातमोजे मात्र नकोत, त्यांची शिवण हमखास अडकते. काही बंदुकांत लिफ्टर वर जाण्यासाठी त्याच्याजवळचं छोटं बटण दाबून धरावं लागतं. ते न दाबता जोर लावला तर लिफ्टर हलत नाही आणि माणसाला वाटतं बंदूक जाम आहे.

बारा_बोअर

लांबीचं राहिलं होतं.

काडतुसावर छापलेली ७०, ७६ किंवा ८९ मिमी ही लांबी न उडवलेल्या काडतुसाची नसते. बार झाल्यावर पुढची घडी उलगडते, तेव्हाची ती लांबी. ७० मिमीचं कोरं काडतूस मोजलं तर साधारण ५८ ते ६० मिमी भरतं. म्हणजेच ७६ मिमीचं कोरं काडतूस ७० मिमीच्या चेंबरमध्ये आरामात बसतं. "बसलं, म्हणजे चालतं" ही समजूत इथेच घात करते. बार होताना घडी उलगडायला जागा मिळत नाही, ती पुढच्या निमुळत्या भागात घुसते, छर्ऱ्यांची वाट आवळते आणि दाब वाढतो. चेंबर लांब आणि काडतूस आखूड असेल तर चालतं. उलट कधीच नाही. तुमचं चेंबर ७६ मिमीचं आहे, म्हणजे ७० आणि ७६ दोन्ही चालतील, ८९ नाही.

दुसरा धोका याहून मोठा. १२ बोअरची नळी आतून साधारण १८.५ मिमी, २० बोअरची १५.६ मिमी. २० बोअरचं काडतूस १२ बोअरच्या चेंबरमध्ये पडलं तर त्याच्या बुडाची कडही चेंबरपेक्षा लहान असल्याने ते पुढे सरकतं आणि नळीच्या सुरुवातीला अडकून बसतं. चेंबर वरवर पाहिलं तर रिकामंच दिसतं. चाप ओढला, बार झाला नाही, म्हणून माणूस त्यामागे १२ बोअरचं काडतूस घालतो. पुढचं नळी फुटणंच. २० बोअरची काडतुसं पिवळी करण्याची पद्धत याचसाठी पडली. दोन्ही बोअर वापरत असाल तर दोन वेगळे पट्टे, दोन वेगळे खिसे, आणि बंदूक बदलण्याआधी खिसे उलटे करून झटकायचे. १२ बोअरच्या बंदुकीजवळ २० बोअरचं एकही काडतूस नको.

रिकामी_पुंगळी

चौथ्या प्रश्नाला वेगळं उत्तर हवं. भरण्यापेक्षा उतरवण्याचा सराव दुप्पट करा, असं माझं ठाम मत आहे. भरताना चूक झाली तर बहुतेक वेळा बंदूक अडते. उतरवताना चूक झाली तर "रिकामी" समजलेल्या बंदुकीतून बार होतो.

बोल्ट पुन्हा पुन्हा ओढून सगळी काडतुसं चेंबरमधून फिरवत काढणं टाळा. तसं केल्याने प्रत्येक काडतूस एकदा पूर्ण भरलेल्या अवस्थेतून जातं. म्हणजे ट्यूबमध्ये चार असतील तर बंदूक आणखी चारदा बार करायला तयार होते, आणि तेही लक्ष उतरवण्याकडे असताना. शिवाय काडतुसं जमिनीवर उडतात, मोजणी चुकते.

बरोबर क्रम असा. सेफ्टी लावलेली, बोट बाहेर. बंदूक कुशीवर घेऊन लिफ्टर वर दाबा आणि ट्यूबच्या तोंडाशी असलेला लॅच बोटाने बाजूला दाबा. स्प्रिंग काडतूस मागे ढकलेल, ते तळहातात घ्या. एका वेळी एकच. लॅच दाबून धरलात तर दोन काडतुसं लागोपाठ येतात आणि दुसरं लिफ्टरखाली तिरकं अडकतं. म्हणून एक सोडायचं, लॅचवरचं बोट काढायचं, मग पुढचं. काही बंदुकांत बोल्ट मिटलेला असताना लॅचपर्यंत बोट पोचत नाही. तिथे आधी बोल्ट उघडून चेंबरमधलं काढायचं आणि मग ट्यूब. तुमच्या बंदुकीच्या पुस्तिकेत जो क्रम दिलाय तो पाठ करा, दर वेळी तोच ठेवा.

ट्यूब रिकामी झाली की बोल्ट मागे ओढून चेंबरमधलं काडतूस काढा, बोल्ट अडकवा. मग तिन्ही जागा तपासा: चेंबर बोटाने, लिफ्टर नजरेने, ट्यूबच्या तोंडाशी फॉलोअर. फॉलोअर आत कुठेतरी अडकला असेल तर तोंडाशी काहीच दिसत नाही, नुसतं काळं भोक. त्याला रिकामी ट्यूब समजू नका. दणका बसला की फॉलोअर सुटतो आणि मागचं काडतूस बाहेर येतं. फॉलोअर डोळ्यांना दिसला तरच ट्यूब रिकामी.

आणि मोजा. आत घालताना पाच मोजली असतील तर उडवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या अधिक बाहेर काढलेली काडतुसं मिळून पाचच झाली पाहिजेत. एक कमी पडलं तर ते सापडेपर्यंत बंदूक भरलेलीच आहे असं धरून चालायचं.

सेफ्टीवर फार विसंबू नका. चापाजवळचं आडवं बटण बहुतेक बंदुकांत फक्त चाप अडवतं. आतला घोडा (पिनवर आदळून बार करणारा भाग) ताणलेलाच असतो. भरलेलं चेंबर आणि लावलेली सेफ्टी ही "सुरक्षित बंदूक" नव्हे. कुंपण ओलांडताना, गाडीत ठेवताना, दुसऱ्याच्या हातात देताना चेंबर आणि ट्यूब दोन्ही रिकामी, बोल्ट उघडा.

स्प्रिंगवाला

दुसऱ्या प्रश्नाचं नेमकं उत्तर वर राहून गेलंय. "ट्यूब भरली, बोल्ट ओढला, तरी चेंबर रिकामं" हे पुष्कळ बंदुकांत मुद्दाम तसं केलेलं असतं. नुसता बोल्ट हाताने ओढल्यावर ट्यूबमधलं काडतूस सुटत नाही. बार झाल्यावर, किंवा काडतूस सोडायची वेगळी कळ दाबल्यावरच ते लिफ्टरवर येतं. फायदा असा की चेंबरमधलं एकच काडतूस काढून दुसऱ्या प्रकारचं घालता येतं, ट्यूबला हात न लावता. तर तुमच्या बंदुकीत आधी ट्यूब भरलेली असली तर ती कळ दाबायची, काडतूस लिफ्टरवर येईल, मग बोल्ट ओढून सोडायचा. नाहीतर वर सांगितलेला क्रमच धरा, पहिलं काडतूस पोर्टमधून, बाकीची खालून.

पण सगळ्या बंदुका अशा नाहीत. काहींमध्ये नुसता बोल्ट ओढला तरी ट्यूबमधलं काडतूस थेट चेंबरमध्ये जातं. ब्राउनिंगच्या ऑटो-५ मध्ये, जी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेली पहिली यशस्वी सेमी-ऑटो शॉटगन, आणखी वेगळी सोय पुढे आली: बोल्ट मागे अडकलेला असताना खालून पहिलं काडतूस ट्यूबमध्ये ढकललं की ते आपोआप चेंबरमध्ये जातं आणि बोल्ट मिटतो. ब्राउनिंगच्या नंतरच्या काही बंदुकांतही हे आहे. हे ठाऊक नसेल तर माणूस समजतो की आपण फक्त ट्यूब भरतोय, आणि बंदूक क्षणात बार करायला तयार. दुसऱ्याची बंदूक हातात घेतली की पहिल्यांदा डमीवर तिचा स्वभाव पाहा.

इनर्शियावर (गॅसऐवजी बाराच्या धक्क्यावर) चालणाऱ्या बंदुकांबद्दल दोन गोष्टी, कारण क्लबमध्ये त्या हाती येतील. एक, त्यांच्यात बोल्ट मागे अडकवायचा तर बहुधा आधी काडतूस सोडायची कळ दाबावी लागते. नुसता ओढला तर तो परत पुढे जातो. दोन, आणि हे महत्त्वाचं: त्यातल्या बऱ्याच बंदुकांत घोडा पडला की ट्यूबमधलं काडतूस लिफ्टरवर सुटतं. "चेंबर रिकामं आहे, चाप ओढून घोडा उतरवून ठेवू" असं ट्यूब न तपासता केलं तर आता लिफ्टरवर एक काडतूस आलंय. पुढचा कुणी "रिकामी आहे का बघू" म्हणून बोल्ट ओढून सोडेल, तेव्हा ते चेंबरमध्ये.

नवी_फैर

उसळी थांबली. अंगठा पुरेसा आत जातच नव्हता, हेच कारण. बंदुकीच्या पुस्तिकेत काडतूस सोडायच्या कळीचा उल्लेखही सापडला.

आणखी दोन प्रश्न. ट्यूबमध्ये चार बसतील असं लिहिलंय, पण दोनच जातात, तिसरं कितीही ढकललं तरी लॅच लागत नाही. आणि खऱ्या काडतुसांवर गेल्यावर चाप ओढून नुसतंच "टक" झालं, बार झाला नाही, तर काय करायचं?

बारा_बोअर

दोनच जात असतील तर ट्यूबमध्ये प्लग आहे. स्प्रिंगच्या आत बसणारी लाकडाची किंवा प्लॅस्टिकची काठी असते, ती ट्यूब दोन काडतुसांपुरती ठेवते. पक्ष्यांच्या शिकारीत एकूण तीनच काडतुसं ठेवायचा नियम काही देशांत आहे, म्हणून नवीन बंदूक पुष्कळदा प्लग घालूनच येते. काढणं अवघड नाही, पण मॅगझिनची टोपी आणि आतली अडकण काढली की स्प्रिंग जोरात बाहेर उडते. डोळ्यांवर चष्मा, तोंड बाजूला, तळहात स्प्रिंगवर. पहिल्यांदा प्रशिक्षकाकडूनच करून घ्या. काढायची घाईही नको: शिकताना एका वेळी एकच काडतूस भरायचं, आणि क्ले टार्गेटच्या (उडत्या चकत्यांच्या) सरावात दोनपेक्षा जास्त लागतही नाहीत. "चार" हा आकडा ७० मिमीच्या काडतुसांचा असतो हेही लक्षात ठेवा. ७६ मिमीची घातली तर एखादं कमी बसेल.

स्प्रिंगवाला

नुसतं "टक" झालं तर पहिलं काम: काहीच करायचं नाही. तोंड रेंजकडे, बंदूक खांद्याला, निदान ३० सेकंद. दारू कधीकधी उशिरा पेटते. तेवढ्यात बोल्ट उघडला तर काडतूस उघड्यावर फुटेल. नंतर चेहरा पोर्टपासून बाजूला ठेवून बोल्ट उघडा, काडतूस काढा आणि त्याच्या बुडावरची टोपी (जिच्यावर पिन आदळते ती) पाहा.

टोपीवर खोल खळगा असेल तर काडतूस खराब. ते पुन्हा वापरायचं नाही, रेंजवाल्यांच्या ताब्यात द्यायचं. खळगा हलका असेल किंवा नसेलच तर बोल्ट पूर्ण मिटलेला नव्हता, असं बहुतेक वेळा निघतं. इनर्शियाच्या बंदुकांत हे विशेष. फिरणारं बोल्टचं डोकं लॉक व्हायला बोल्ट जोरात पुढे जावा लागतो. हळूच सोडला, किंवा भरल्यावर बंदूक कशावर आपटून हँडल जरासं मागे सरकलं, की घोडा पडतो पण पिनचा घाव नीट बसत नाही. म्हणून बोल्ट सोडल्यावर हँडलवर तळहाताने एकदा पुढे दाबून पाहायची सवय लावा. चेंबरमध्ये प्लॅस्टिकचा थर किंवा गंज साचला तरीही काडतूस शेवटपर्यंत बसत नाही. चेंबरचा ब्रश वेगळा मिळतो, नळीचा ब्रश तिथे सैल पडतो.

"टक" पेक्षा वाईट म्हणजे बार होतो पण आवाज फुसका, धक्का नाहीसा. तिथे लगेच थांबायचं. सेमी-ऑटोत मोठा धोका असा की बोल्ट अर्धवट मागे गेला तर हात आपोआप तो ओढतो आणि पुढचं काडतूस चढतं. नळीत प्लॅस्टिकचा वॉड (काडतुसातला दारू आणि छर्ऱ्यांच्या मधला तुकडा) अडकलेला असू शकतो, आणि त्यामागे पुढचा बार केला तर नळी फुगते किंवा फाटते. ट्यूब आणि चेंबर रिकामं करा, नळी उतरवा, मागच्या बाजूने आरपार उजेड पाहा. पूर्ण गोल दिसला तरच पुन्हा भरा.

रिकामी_पुंगळी

पहिल्या खऱ्या सत्रासाठी: चेंबरमध्ये एक काडतूस, ट्यूब रिकामी, बार, बोल्ट मागे अडकला का ते पाहा. रिकाम्या ट्यूबवर तो मागे अडकला तर गॅस पुरेसा मिळतोय आणि लिफ्टर नीट चालतोय. असं पाच-सहा वेळा निर्वेध झालं की ट्यूबमध्ये एक, चेंबरमध्ये एक. दुसरं काडतूस आपोआप चढलं, की तुम्ही सेफ्टी लावता का आणि बोट चापाबाहेर जातं का, हे प्रशिक्षकाला बघायला सांगा. दोन नळीच्या बंदुकीची सवय असलेल्यांना बार झाल्यावर बंदूक पुन्हा पूर्ण तयार असते हे हाताला माहीत नसतं, आणि ते मान वळवून मागे बघताना नळीही सोबत वळते.

हलकी २४ ग्रॅमची काडतुसं असतील आणि बोल्ट मागे अडकत नसेल, तर तो दोष तुमच्या भरण्याचा नसू शकतो. नव्या बंदुकीचं यंत्र अजून घट्ट असतं, किंवा पिस्टनवर (गॅसच्या जोरावर बोल्ट मागे ढकलणाऱ्या भागावर) काजळी साचलेली असते. २८ ते ३२ ग्रॅमचं काडतूस घालून पाहा. त्यावर नीट चालली तर पिस्टन आणि ट्यूबची बाहेरची बाजू स्वच्छ करून पुन्हा हलक्या काडतुसांवर या. तेल मात्र अगदी पातळ पुसायचं. ट्यूबवर तेल चोपडलं की काजळी त्यातच चिकटते आणि आठवड्याभरात तीच अडचण पुन्हा.